लाल गुलाब घेताना कळी नको, जुने फूल पाहा

दिवाळीच्या आसपास रोपवाटिकांच्या दाराशी गुलाबाच्या काळ्या पिशव्या ओळीने मांडल्या जातात. पिवळा, केशरी, पांढरा, दुरंगी असे सगळे रंग असतात. पण पहिल्यांदाच बाग करू पाहणाऱ्या माणसाचा हात बहुतेक वेळा लालकडेच जातो. एखादी कळी अर्धवट उमललेली असते, रंग मखमली असतो आणि विकणारा सांगतो, ‘वर्षभर फुलं देईल.’ रोप घरी येते, कुंडीत जाते. महिना-दीड महिन्यात दुसरे फूल येते, तेही लाल. मग उन्हाळा लागतो. फुले लहान होतात, पाकळ्यांच्या कडा करपतात, लाल रंगावर जांभळी छटा चढते. पावसाळ्यात पाने गळतात. आणि पुढच्या हिवाळ्यात कुंडीतून लांबलचक, तजेलदार फांद्या सरसरून वर जातात, पण त्यांना एकही लाल फूल लागत नाही. लागलाच तर फिकट, बारीक फुलांचा झुपका. घरातले म्हणतात, मातीने रंग बदलला.

मातीने काही बदललेले नसते. त्या पिशवीत पहिल्या दिवसापासून दोन झाडे होती. मोठ्या फुलांचा गुलाब आपल्या मुळांवर फारसा जोमाने वाढत नाही, म्हणून रोपवाटिकेत काटक जातीच्या खुंटावर त्याचा डोळा भरतात. खुंटाची साल इंग्रजी टी अक्षरासारखी चिरायची, तिच्यात हव्या त्या जातीचा डोळा बसवायचा, पट्टीने बांधायचे आणि डोळा फुटला की वरचा खुंट कापून टाकायचा. खाली मुळे एकाची, वर फुले दुसऱ्याची. वरची फूट उन्हाने, रोगाने किंवा चुकीच्या छाटणीने मेली, तरी खालचा खुंट जिवंतच असतो. तो आपली फूट वर काढतो आणि घरमालक कौतुकाने तिलाच पाणी घालत राहतो.

आपल्याकडे खुंट म्हणून वापरल्या जाणाऱ्या जातींत एक ‘रोझा इंडिका’ या नावाने ओळखली जाते. नावात भारत असला तरी तिचे मूळ चिनी गुलाबांत आहे. अठराव्या शतकात चिनी गुलाब युरोपात पोचले ते पूर्वेकडच्या व्यापाराच्या वाटेने, आणि तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांना ‘इंडिका’ हे नाव देऊन टाकले. ‘मल्टिफ्लोरा’ हा दुसरा खुंट. त्याची फुले बारीक, पांढरी, झुपक्याने येणारी. अमेरिकेत मात्र गंमत उलटी आहे. तिथे ‘डॉ. ह्यूई’ नावाचा खुंट पुष्कळ चालतो आणि त्याची फुले गडद लाल असतात. त्यामुळे तिथला माणूस पिवळा गुलाब लावतो आणि काही वर्षांनी त्याला लाल फुले मिळतात.

खुंटाची फूट ओळखायची कशी? पानाला सात पर्णिका असल्या तर ती रानटी, पाच असल्या तर कलमी, असे सांगण्याची पद्धत आहे. तिच्यावर विसंबू नये, कारण जोमात असलेल्या कलमी गुलाबालाही सात पर्णिका येतात. खात्रीची खूण एकच. फांदीचा माग काढत बोट खाली न्यावे. बुंध्यावर डोळा भरलेल्या जागी एक फुगीर गाठ असते. तिच्या वरून फुटली ती आपली, खालून किंवा मातीतून फुटली ती खुंटाची. ही फूट कात्रीने छाटू नये, कारण बुडाशी उरलेल्या डोळ्यांतून ती दुप्पट फुटते. माती बाजूला करून, जिथून निघाली तिथून ओढून काढावी. आणि कुंडी भरताना ती गाठ मातीत गाडू नये, मातीच्या दोन बोटे वर राहू द्यावी, म्हणजे पुढे हा शोध सोपा जातो.

रोप घेताना म्हणून पहिली नजर फुलावर न जाता बुंध्यावर जायला हवी. गाठ घट्ट जुळलेली असावी, तिच्या वरून किमान दोन-तीन जाड फांद्या निघालेल्या असाव्यात, आणि फांदीच्या टोकाकडून तपकिरी वाळ उतरत आलेली नसावी. एकाच काडीवर एकच मोठे फूल मिरवणारे रोप दुकानात उठून दिसते. पण घरी नेण्यासाठी शेजारचे, तीन फांद्यांचे, बिनफुलाचे रोप अधिक भरवशाचे असते. फक्त त्या जातीचे उमललेले फूल तिथेच दुसऱ्या रोपावर पाहून घ्यावे. का, ते कळायला लाल म्हणजे काय हे आधी पाहावे लागेल.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलश्टेटर यांनी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे फुलांच्या रंगद्रव्यांचा अभ्यास केला. युरोपातल्या गव्हाच्या शेतात तणासारखे उगवणारे कॉर्नफ्लॉवर हे गर्द निळे फूल. त्यातून त्यांनी सायनिडिन हे रंगद्रव्य वेगळे केले. मग लाल गुलाब घेतला, आणि त्यातही तेच रंगद्रव्य निघाले. निळ्यात जे, तेच लालमध्ये. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी विलश्टेटर यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकच द्रव्य दोन रंग कसे दाखवते, याचे पूर्ण उत्तर मिळायला मात्र पुढे नव्वद वर्षे गेली. कॉर्नफ्लॉवरमध्ये रंगद्रव्याचे रेणू लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या अणूंभोवती ठरावीक रचनेत बांधलेले असतात, म्हणून ते निळे दिसते, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिले. गुलाबाच्या पाकळीत ती रचना नसते. तिच्या पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे रसाच्या पिशवीत, आम्लधर्मी रस असतो आणि त्यात सायनिडिन लाल दिसते.

आता जुन्या फुलावरच्या जांभळ्या छटेकडे यावे. फूल ताजे असते तेव्हा पाकळीतल्या पेशी साखर जाळून श्वसन करतात. साखर संपत आली की पेशी आपलीच प्रथिने मोडायला लागतात. त्यातून अमोनिया सुटतो, रसाचे आम्ल कमी होते आणि लालवर निळसर झाक चढते. म्हणजे जांभळे पडलेले फूल हे उपाशी फूल. तापमान जितके अधिक, तितकी साखर लवकर जळते, हे सांगायला नकोच.

उन्हाळ्याचा फटका इथेच थांबत नाही. लाल रंगद्रव्ये ज्या गटातली, ती अँथोसायनिने तयार करण्याचे काम गारव्यात जोरात चालते आणि उष्णतेत मंदावते. त्यासाठी प्रकाशही लागतो आणि साखरही. म्हणून डिसेंबरात मखमलीसारखे दिसणारे झाड एप्रिलमध्ये त्याच कुंडीत, तेच खत खाऊन फिकट, लहान, मोजक्या पाकळ्यांची फुले देते. त्यात गडद रंग ऊन जास्त शोषतो. काळपट लाल पाकळीची कड दुपारच्या उन्हात फिकट गुलाबी पाकळीच्या आधी करपते. सगळ्या रंगांत लाल गुलाब सांभाळायला अवघड, अशी अनेक जुन्या बागायतदारांची तक्रार असते. तिच्यामागे हे रसायन आहे.

म्हणून रोपवाटिकेत कळीवर भाळू नये. कळी प्रत्येक लाल गुलाबाची सुंदर असते. त्याच जातीचे पूर्ण उमललेले, दोन-तीन दिवसांचे जुने फूल शोधावे आणि ते कसे म्हातारे होत आहे ते पाहावे. लालचे लालच राहून पाकळ्या गळत असतील तर ती जात घ्यावी. मळकट जांभळे पडून फूल देठावरच सुकत असेल, तर आपल्या गच्चीवर मार्चनंतर तेच दृश्य रोज दिसणार. ही परीक्षा नावाच्या चिठ्ठीपेक्षा खरी, कारण चिठ्ठ्या बदलतात, पुसल्या जातात, कधी कधी अंदाजाने लावल्या जातात.

लाल म्हटले तरी त्यात दोन घराणी आहेत. एक किरमिजी, सायनिडिनचे. दुसरे शेंदरी किंवा भगवट लाल. त्यात पेलार्गोनिडिन हे निराळे रंगद्रव्य असते. बागेतल्या गुलाबांत हे दुसरे घराणे विसाव्या शतकाच्या मध्यावरच ठळकपणे दिसू लागले. १९६० मध्ये आलेला जर्मनीचा ‘सुपर स्टार’ हा केशरी-शेंदरी गुलाब त्याचे प्रसिद्ध उदाहरण. शेंदरी लाल फुले जुनी झाली तरी किरमिजीइतकी जांभळी पडत नाहीत, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातल्या कडक उन्हात ती जास्त शोभतात. किरमिजी गुलाबाचा दिमाख मात्र त्यांना नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेल्या ‘भीम’ आणि ‘रक्तगंधा’ या जाती लालच्या शेंदरी बाजूकडे झुकणाऱ्या आहेत. त्या संस्थेचे संचालक राहिलेले आणि पुढे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल गव्हाचे शास्त्रज्ञ होते. पण त्यांनी आयुष्यभर गुलाबाच्या नव्या जातीही पैदा केल्या. परदेशी गुलाब इथल्या उन्हात टिकत नाहीत, तर इथल्या उन्हात वाढलेल्या रोपांतूनच निवड करावी, असे त्या कामाचे सूत्र होते.

युरोपालाही हा लाल रंग बाहेरूनच मिळाला. तिथले जुने बागेतले गुलाब गुलाबी, पांढरे किंवा जांभळट होते. ज्यांना लाल म्हणत तेही खरे तर गडद गुलाबी. स्वच्छ किरमिजी आणि वर्षातून पुन्हा पुन्हा फुलणारा गुलाब चीनमधून १७९२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पोचला. ईस्ट इंडिया कंपनीशी संबंध असलेल्या स्लेटर नावाच्या गृहस्थांकडे तो प्रथम फुलला, म्हणून त्याला ‘स्लेटर्स क्रिमसन चायना’ म्हणतात. छोटेसे, अशक्त दिसणारे झुडूप. पण आजच्या लाल गुलाबांचा रंग त्याच वाटेने आलेला आहे.

किरमिजी घराण्यातली मोठी नावे सुवासासाठी ओळखली जातात. १९३५ चा ‘क्रिमसन ग्लोरी’ हा त्यातला जुना. वास अप्रतिम, पण मान लवचिक, फूल खाली झुकते आणि उन्हात लवकर जांभळे पडते. ‘पापा मेयाँ’, ‘ओक्लाहोमा’ आणि ‘मिस्टर लिंकन’ हे तिन्ही १९६०च्या दशकातले आणि सख्खी भावंडे आहेत: ‘क्रायस्लर इम्पीरियल’ आणि ‘चार्ल्स मालेरँ’ या एकाच जोडीची संतती. तिघांचा स्वभाव मात्र वेगळा. ‘पापा मेयाँ’ सर्वांत मखमली आणि भुरी रोगाला सर्वांत हळवा. ‘ओक्लाहोमा’ जवळजवळ काळपट. ‘मिस्टर लिंकन’ उंच, काटक. पहिल्यांदा लावणाऱ्याने या तिघांतून एक घ्यायचा तर ‘मिस्टर लिंकन’ घ्यावा. महाराष्ट्रात उघड्या शेतात वर्षानुवर्षे पिकवला गेलेला ‘ग्लॅडिएटर’ही घरच्या बागेला चालतो. तो शुद्ध लाल नाही, गुलबट लाल आहे. पण देठ मजबूत, फूल मोठे आणि चुका पोटात घालणारा. खिडकीच्या जाळीत जागा असेल तेवढीच, तर मोठ्या फुलांचा हट्ट सोडून झुपक्याने फुलणारी फ्लोरिबंडा किंवा मिनिएचर जात बरी. तिची फुले छोटी, पण एक करपले तर शेजारचे असतेच.

सुवास जातो कुठे, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. फ्रान्समधल्या एका संशोधक गटाने दोन लाल गुलाब समोरासमोर ठेवले. एक घमघमणारा ‘पापा मेयाँ’, दुसरा दिसायला देखणा पण जवळपास वासच नसलेला ‘रूज मेयाँ’. दोघांत कोणती जनुके चालू आहेत आणि कोणती बंद, याची तुलना केली तेव्हा एका विकराचा मोठा फरक सापडला. एरवी पेशीतला कचरा साफ करणाऱ्या कुळातले हे विकर गुलाबाने जिरॅनिऑल हे सुगंधी द्रव्य बनवण्याच्या कामाला लावले होते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१५ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. गुलाब आपला वास कसा बनवतो याबद्दल तोवर असलेली समजूत त्याने बदलली. माळ्याच्या भाषेत सांगायचे तर, रंग आणि वास यांचा एकमेकांशी काही करार नाही. लाल म्हणजे सुवासिक, असे गृहीत धरू नये. सकाळी, उन्हे चढण्यापूर्वी, नाक लावून पाहावे.

फुलवाल्याकडच्या लांब देठाच्या लाल गुलाबाला वास का नसतो, हेही यातून लक्षात येते. मावळात, तळेगाव परिसरातल्या पॉलिहाउसांत ‘टॉप सिक्रेट’, ‘ताजमहाल’ अशा जाती पिकतात आणि फेब्रुवारीत परदेशी जातात. त्यांची निवड झाली ती लांब देठ, प्रवासात न मिटणारी कळी आणि फुलदाणीत जास्त दिवस टिकणे या गुणांवर. वास हा निकष मागे पडला. शिवाय त्या नियंत्रित हवेत, ठिबकवर मोजून दिलेल्या खतावर वाढतात. भेट आलेल्या गुलाबाचा देठ बटाट्यात खोचून कुंडीत लावायचा आणि झाड मिळवायचे, असे चलचित्र अनेकांच्या मोबाइलवर येऊन गेलेले असते. बटाटा काडीला मुळे देत नाही. बहुतेक वेळा तो कुजतो आणि काडीलाही कुजवतो. एखादी काडी जगलीच तरी पॉलिहाउसची जात, स्वतःच्या मुळांवर, उघड्या गच्चीवर अशी तीन संकटे तिच्यापुढे उभी असतात. मौज म्हणून करून पाहावे, बाग म्हणून नव्हे.

आणि या गुलाबाच्या पाकळ्या खाऊ नयेत. हे वाक्य ठळक करायला हवे, कारण घरोघरी गुलकंद करण्याची हौस वाढते आहे. विक्रीच्या फुलांवर फवारणी होते ती फूल दिसायला निष्कलंक राहावे म्हणून. ते पोटात जाणार आहे हे गृहीत धरून नव्हे. बेल्जियममध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुलाब, जरबेरा आणि शेवंतीचे ९० गुच्छ तपासले होते. त्यांत मिळून शंभराहून अधिक प्रकारच्या कीडनाशकांचे अंश सापडले, आणि रोज हे गुच्छ हाताळणाऱ्या फुलविक्रेत्यांच्या आरोग्याची काळजी व्यक्त झाली. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपालाही हेच लागू होते. गुलकंदासाठी परंपरेने वापरतात तो देशी गुलाब मुळात लाल नसून गुलाबी, पातळ पाकळ्यांचा, वासाचा असतो. तो घरी, फवारणीशिवाय वाढवावा. लाल पाकळ्या वापरायच्याच तर त्याही स्वतः वाढवलेल्या आणि रासायनिक औषध न पाहिलेल्या झाडाच्या.

जागेचे गणित लालसाठी थोडे वेगळे आहे. गुलाबाला रोज पाच-सहा तास ऊन लागते, हे सगळ्यांना ठाऊक असते. लालसाठी ते ऊन सकाळचे असावे. पूर्वेकडची गॅलरी किंवा दुपारी भिंतीची सावली पडणारा कोपरा मिळाला तर रंगद्रव्य बनवायला प्रकाशही मिळतो आणि कडाही जळत नाहीत. पश्चिमेची तापणारी भिंत आणि खाली तापलेली फरशी असेल, तर मार्च ते मे तिथे हिरवी जाळी बांधावी किंवा कुंडी हलवावी. काळी प्लॅस्टिकची कुंडी उन्हात मुळे उकडते. मातीची किंवा फिक्या रंगाची बरी. मोठ्या फुलांच्या जातीला बारा इंचांपेक्षा लहान कुंडी देऊ नये.

मातीत निम्मी चांगली माती, उरलेल्यात मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी जाड वाळू किंवा कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड, एवढे पुरते. खरी अडचण येते ती चुन्याची. गुलाबाला किंचित आम्लधर्मी, सामू सहा ते सातच्या दरम्यानची माती मानवते. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडी असते, बोअरच्या पाण्यात क्षार असतात. अशा मातीत लोह असते, पण मुळांना ते उचलता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माणूस समजतो खत कमी पडले आणि आणखी खत घालतो. इथे उपाय म्हणजे लोहाच्या चिलेटची फवारणी आणि कुंडीत सेंद्रिय खत वाढवणे. शक्य असेल तर पावसाचे पाणी साठवून द्यावे. अंड्याची टरफले मात्र अशा कुंडीत घालू नयेत. टरफल म्हणजे चुनाच. जिथे चुना आधीच जास्त, तिथे आणखी कशाला? चहाचा चोथा साखर-दूध धुऊन घातला तर हरकत नाही. तसाच घातला तर मुंग्यांची सोय होते.

रोगांपैकी पावसाळ्यात सर्वांत सतावतो तो पानांवरचा काळा ठिपका. ही बुरशी आहे आणि तिला रुजायला पान सलग सातेक तास ओले लागते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस हे काम स्वतःच करतो; तिथे कुंडी पत्र्याच्या वळचणीला, पण उजेडात ठेवणे हा औषधापेक्षा बरा उपाय. कोरड्या भागात हे ओलेपण आपणच पुरवतो, संध्याकाळी पाइपने झाड न्हाऊ घालून. पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे, ठिपक्यांची गळलेली पाने वेचून टाकावीत. हिवाळ्याच्या अखेरीस पाढरट भुरी आणि कळ्या वेड्यावाकड्या करणारे फुलकिडे येतात, उन्हाळ्यात पानामागे जाळी विणणारा लाल कोळी. कोळी दिसला तर मात्र सकाळी पानाच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा हेच पहिले औषध. निंबोळी तेलाने भागेल तिथे जहाल कीडनाशक आणू नये. गॅलरी म्हणजे शेत नव्हे, तिथे मुले खेळतात आणि कपडे वाळतात.

काट्यांचेही एक ऐकून ठेवावे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे गुलाबाचा काटा हा खरा काटा नाही; लिंबाचा काटा म्हणजे रूप बदललेली फांदी, तर गुलाबाचा सालीवरच उगवलेला, म्हणून बोटाने बाजूला दाबला तर स्वच्छ तुटून येतो. गुलाब, वांगे आणि इतर अनेक दूरच्या कुळांत असे काटे एकाच जनुक-कुटुंबामुळे येतात, असे २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्येच प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, टोचतो तो टोचतोच. शेणखतात हात असताना टोचला तर धनुर्वाताचा धोका असतो. शेवटची लस घेऊन पाच वर्षे झाली असतील तर डॉक्टरांना विचारावे. मातीतल्या आणि काट्यावरच्या एका बुरशीमुळे स्पोरोट्रायकोसिस हा आजार होतो. टोचल्यानंतर काही आठवड्यांनी तिथे न दुखणारी गाठ येते, फुटते, मग हातावर वरच्या बाजूला ओळीने तशाच गाठी उठतात. भारतात तो मुख्यतः हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात आढळतो. साध्या प्रतिजैविकांनी तो हटत नाही, त्याला बुरशीवरचे औषध कित्येक महिने घ्यावे लागते. म्हणून न भरणारी जखम घेऊन डॉक्टरांकडे गेल्यावर ‘गुलाबाचा काटा लागला होता’ एवढे न विसरता सांगावे. मधुमेह असलेल्यांनी जाड हातमोज्यांशिवाय छाटणीला बसूच नये.

छाटणीची भीती अनेकांना वाटते आणि तिथेच झाड हातचे जाते. न छाटलेला गुलाब उंच, बोडका होतो आणि टोकाला बारीक फुले देतो, कारण फूल नव्या फांदीवर येते. महाराष्ट्रात मोठी छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी. आधी मेलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. उरलेल्या चांगल्या फांद्या साधारण निम्म्यावर आणाव्यात, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप द्यावा. थंड देशांतल्या पुस्तकांत वीतभर खुंट ठेवून छाटायला सांगतात. इथल्या उन्हात ते सोसत नाही. कापाला बोर्डो पेस्ट किंवा तिच्यासारखे बुरशीनाशक लावावे, नाही तर फांदी टोकाकडून तपकिरी होत खाली वाळत येते आणि वाळ गाठीपर्यंत पोचली की उरतो तो खुंट. छाटणीपूर्वी मुळे उघडी करून उन्हात तापवण्याची जुनी रीत जमिनीतल्या झाडांसाठी होती; कुंडीत तो प्रयोग करू नये.

छाटणीपासून फुलापर्यंत साधारण सहा ते सात आठवडे लागतात, गारठा जास्त असेल तर थोडे अधिक. मावळातले उत्पादक याच हिशेबाने १४ फेब्रुवारीकडून उलटे मोजतात आणि डिसेंबरात कामाला लागतात. घरी एवढी तारीख साधायची गरज नाही. दोन झाडे असतील तर एक ऑक्टोबरच्या मध्याला आणि दुसरे पंधरा दिवसांनी छाटावे, म्हणजे बहर एकदम येऊन संपत नाही. पुढे प्रत्येक सुकलेले फूल पाच पर्णिकांच्या पहिल्या सुदृढ पानापर्यंत खाली कापत राहिले की मार्चपर्यंत नवी फूट येत राहते.

फुलदाणीसाठी कापायचे तर पहाटे, बाहेरच्या एक-दोन पाकळ्या नुकत्या सुटलेल्या असताना कापावे आणि लगेच पाण्यात ठेवावे. पाण्यात चमचाभर साखर आणि लिंबाचे चार थेंब टाकले तर पाकळीतली साखर पुरवून येते आणि लाल रंग एखादा दिवस जास्त टिकतो. ते पाणी रोज बदलायला हवे, नाही तर साखरेवर जंतू वाढून देठाचे तोंड बंद होते.